रडवणारं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

सांगलीत आमची एक पुस्तक भिशी आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा-बारा जण कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकी दोनशे रुपये काढतो. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या खेपेला त्यातलं एक सगळ्यांना सांगायचं. मागच्या पावसाळ्यात एक नवी मुलगी आली. तिची पाळी आली तेव्हा तिने पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाली, "मी इतकी रडले, इतकी रडले की काय सांगू! तुम्ही सगळ्यांनी वाचाच." बोलतानाही तिचे डोळे भरून आले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, तेवढ्यात पोहे आले, आणि ते पुस्तक तिच्याच पिशवीतून परत तिच्या घरी गेलं.

पुस्तक चांगलं होतं. मी वाचलेलं होतं. तिचं रडूही खरं होतं. पण पुस्तकात काय आहे हे तिने सांगितलं नाही, आणि ते आमच्यापैकी कुणासाठी आहे याचा विचारही केला नव्हता. भिशीत नव्याने येणाऱ्यांना मी जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून काढते आहे. तुमची भिशी नसेल, नुसती ऑफिसातली मैत्रीण किंवा शेजारचे काका असतील, तरी हेच चालेल.

आधी स्वतःकडे बघा

पुस्तक संपलं त्याच रात्री कुणाला सुचवू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग पुस्तक न उघडता आठवून बघा, काय उरलंय? एखादं माणूस, एखादा प्रसंग, एखादं वाक्य? ते वहीत लिहा आणि मग पुस्तक उघडून ते पान शोधा. पान सापडलं की पुस्तकातलं नेमकं काय आपल्याला लागलं ते कळतं.

हे का करायचं, तर रडू पुस्तकामुळेच आलं असेल असं नाही. माझ्या वडिलांना मिरजेत दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी एक कादंबरी वाचली. दर दहा पानांना डोळे पुसत होते. ती कादंबरी मी त्या वर्षी सहा जणांना दिली आणि सहाही जणांनी ती शांतपणे परत केली. दोन वर्षांनी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, कादंबरी साधीच होती. रडू वडिलांसाठीचं होतं, पुस्तक फक्त हातात होतं.

म्हणून माझ्या वहीत पुस्तकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक यांच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: "तेव्हा घरात काय चाललं होतं". हा रकाना भरायला लाज वाटते, पण तो भराच.

मग समोरच्याला विचारा

"तुम्हाला काय आवडतं?" या प्रश्नाला सांगलीत एकच उत्तर मिळतं: "काहीही द्या, चालतंय की." त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, "कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत?" माणसं आवडलेल्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलतात आणि सोडलेल्याबद्दल दहा मिनिटं. "त्यात नुसता पाऊसच पडत होता", "सगळी बायकांना छळणारी माणसं, मला नाही झेपलं", "भाषा फार जड". यातून तुम्हाला पुढचं पुस्तक निम्मं कळतं.

दुसरा प्रश्न, वाचता कधी? आमच्यातली एक जण रोज एसटीने तासगावहून सांगलीला येते. तिचं वाचन बसमध्येच होतं. उभ्याने, एका हाताने दांडी धरून. तिला जाडजूड पुस्तक देऊन उपयोग नाही. शिवाय गर्दीच्या बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं तर माणूस पुस्तक मिटून टाकतो आणि तो धागा पुन्हा जुळत नाही. तिला मी छोट्या प्रकरणांचं काहीतरी देते. रात्री झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांना सांगते, हे दुपारी वाचा, नाहीतर झोप लागायची नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: "सध्या काय नको?" लोक चटकन सांगतात. "आजारपण नको", "लग्न मोडलेलं नको". ऐकायचं आणि पुढे जायचं. का, हे अजिबात विचारायचं नाही.

हा तिसरा प्रश्न मी एका चुकीतून शिकले. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गावभागातल्या एका काकूंच्या घरात कित्येक दिवस पाणी होतं. पूर ओसरल्यावर चिखल काढायला आम्ही बऱ्याच जणी गेलो होतो. त्यांच्या कपाटातली पुस्तकं फुगून एकमेकांना अशी चिकटली होती की एक ओढलं तर तीन फाटायची. दिवाळीच्या सुमारास मी त्यांना एक कादंबरी नेऊन दिली. घर गमावलेल्या कुटुंबाची, फार ताकदीची. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल, आपलं दुःख कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटेल. पंधरा दिवसांनी त्यांनी ती परत आणून दिली. मी घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर तसंच कोरं होतं, एक घडीसुद्धा पडलेली नव्हती. म्हणाल्या, "ताई, अजून भिंतींची ओल गेली नाही हो."

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. जखम ओली असेल तर त्याच जखमेचं पुस्तक द्यायचं नाही. वर्षा-दोन वर्षांनी माणूस स्वतःच विचारतो. काकूंनी चौथ्या वर्षी विचारलं.

दुःखाचं नाव सांगा

"फार भावनिक आहे", "काळजाला भिडतं", "सुन्न करतं". हे शब्द इतके वापरून झालेत की ऐकणाऱ्याच्या कानावर नुसते आदळतात. प्रत्येक पुस्तकातलं दुःख वेगळं असतं आणि त्याला नाव असतं. ते नाव तुम्हाला सांगता आलं की निम्मं काम झालं. माझ्या भिशीतली काही उदाहरणं देते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आमच्या जिल्ह्यातली. लेखक आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, कादंबरी १९५५ ची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला पायी निघतो, तिथून ती सुरू होते. ही सुचवताना मी म्हणते: "यात कुणी मोठ्याने रडत नाही. माणसं कमी बोलतात. पण दुष्काळी मुलखात एखाद्या जागेचा लळा लागणं म्हणजे काय, ते यात आहे." शेवटाबद्दल मी इथेही काही लिहीत नाही. गाव सोडून शहरात आलेल्या, विशेषतः जत-आटपाडी-खानापूर पट्ट्यातल्या माणसाला हे पुस्तक द्यावं. ज्याला भरपूर घटना लागतात त्याला देऊ नये, तो तिसाव्या पानावर विचारतो, "पुढं काही होतंय का?"

'श्यामची आई' सुचवणं सोपं वाटतं, पण तसं नाही. हे रडवणारं पुस्तक आहे अशी त्याची इतकी ख्याती आहे की माणूस आधीच सावध होऊन बसतो. शिवाय "लहानपणी वाचलंय" हे उत्तर ठरलेलं. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यात प्रकरणं नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. मी एवढंच म्हणते: "तेव्हा तुम्ही श्याम होऊन वाचलंत. आता तुम्हाला मुलं आहेत. रोज एकच रात्र वाचा, त्या आईच्या बाजूने." भिशीतल्या एका दादांनी असं वाचलं. त्यांच्या घरी रात्री जेवणानंतर वाचन व्हायचं, आणि पंधराव्या-सोळाव्या रात्रीपासून त्यांच्या सासूबाईही येऊन बसायला लागल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी दुःखातून नुकत्याच बाहेर पडत असलेल्या माणसाला देते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या स्वतःही त्या धर्मात गेल्या. मधल्या काळात त्यांनी जे सोसलं ते कुणालाही खचवणारं आहे. पण सांगताना ही बाई इतकी मोकळी, इतकी खट्याळ आहे की वाचणारा आधी खळखळून हसतो आणि मग त्याच पानावर थबकतो. ओल न गेलेल्या भिंतींच्या काकूंना मी नंतर हेच दिलं होतं. दीड महिना त्यांनी ते ठेवून घेतलं.

अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' तरुण मुलांसाठी. विशेषतः "आपल्याला वाचायचा कंटाळा येतो" असं म्हणणाऱ्यांसाठी. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, कादंबरी १९५९ ची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणाऱ्या माणसाची ही गोष्ट. इथे भावना म्हणजे डोळ्यांतलं पाणी नाही, ताठ होणारी मान आहे. भावनेने ओथंबलेलं पुस्तक म्हणजे रडकंच, असं नव्या वाचकाला वाटत असतं. 'फकिरा'ने तो समज जातो.

आणि बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई. छोट्या दुकानात बसून त्यांनी हे घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वीसेक वर्षं लपवूनच ठेवलं. पुस्तक म्हणून ते १९८६ साली आलं. हे मी "रडवणारं" म्हणून कधीच देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दलित आत्मकथन कुणाला हळहळायला द्यायचं नसतं. दोन अश्रू ढाळून पुस्तक मिटवलं की वाचणाऱ्याला हलकं वाटतं, आणि इथे हलकं वाटणं हीच फसगत आहे. मी म्हणते: "यात महार वाड्यातलं जगणं आहे, भूक आहे, घरातल्या बायकांवरचा दुहेरी जाच आहे, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उभी राहिलेली माणसं आहेत. वाचताना राग येईल. कधी आपल्याच घरातलं काहीतरी आठवेल." ज्याला हे ऐकूनही वाचावंसं वाटतं, त्याच्याच हातात ते जावं.

किती सांगायचं आणि कुठे थांबायचं

भिशीत आम्ही तीन मिनिटं ठरवली आहेत, घड्याळ लावून. सुरुवातीला जाचक वाटतं, पण तीन मिनिटं पुरतात. कोण आणि कुठलं, ते दोन वाक्यांत. दुःखाचं नाव, एका वाक्यात. मग उरलेला वेळ पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचं, अर्धं पान फार तर. हे पान पुस्तकाच्या पहिल्या पाव भागातलंच हवं. तुम्हाला ज्या पानावर हुंदका फुटला ते पान वाचू नका. तिथवर ज्याने त्याने आपापल्या पायांनी जावं.

"शेवट तर असा आहे की...." एवढंही म्हणायचं नाही. एकदा हे ऐकलं की वाचणारा सगळं पुस्तक शेवटाची वाट बघत वाचतो.

पुस्तकातली अडचण मात्र आधीच सांगून टाका. "पहिली चाळीस पानं संथ आहेत." "माणदेशी बोली आहे, अडखळलात तर मोठ्याने वाचा, कानाला आपोआप कळते." अडचण सांगितली की तुमच्या कौतुकावरही लोक विश्वास ठेवतात.

पुस्तकात मूल दगावत असेल, आत्महत्या असेल, बाईवरचा अत्याचार असेल, तर ते आधी सांगावं. सगळ्यांसमोर नाही. पुस्तक हातात देताना, दाराशी, चपला घालता घालता, एका वाक्यात: "यात एक लहान मूल जातं, आधी सांगून ठेवते." यामुळे रसभंग होतो असं आमच्यातल्या काहींना वाटतं. मला ते पटत नाही. कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला माहीत नसतं, आणि ज्याला धक्का बसायचा नाही त्याचं या एका वाक्याने काहीच बिघडत नाही.

कुणी बरेच दिवस खचलेलं दिसत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर पुस्तक हा त्यावरचा इलाज नाही. जवळ बसा, डॉक्टरांकडे घेऊन जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे फोन केला की मोफत बोलता येतं. पुस्तकाचं नंतर बघू.

कुठली प्रत द्यायची

आपली खुणा केलेली प्रत देऊ नका. पेन्सिलीने ओढलेली रेघ म्हणजे "इथे रड" अशी पाटीच असते. वाचणारा त्या रेघेशी येतो, त्याला काही वाटत नाही, आणि मग आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटून तो खट्टू होतो. कोरी प्रत द्या किंवा वाचनालयातून काढून द्या. साठीच्या पुढच्यांना देताना टाइप बघा. जुन्या आवृत्त्यांचा बारीक, पुसट टाइप आणि घट्ट बाइंडिंग यांनी कितीतरी चांगली पुस्तकं न वाचता परत येतात.

वाचनालयाची वर्गणी भरली नसेल तर भरा. तिथे गेल्यावर पुस्तकाच्या मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची सवय लावा. काही पुस्तकांची कधीच जाहिरात होत नाही, पण चिठ्ठीवर शिक्क्यांची रांग लागलेली असते आणि पानांचे कोपरे कापडासारखे मऊ झालेले असतात. काउंटरवर बसणाऱ्यांना विचारा, कोणतं पुस्तक लोक मुदत वाढवून ठेवून घेतात. इतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

आणि जमलं तर एकदा भिलारला जा. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरी पिकवणारं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, एका घरात कथा, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात कविता, आणि कुणीही जाऊन बसावं. ज्याला पुस्तक सुचवायचंय त्यालाच बरोबर न्या. दहा पुस्तकांची पहिली पानं त्याला वाचू द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा, कुठल्या पानाशी तो मान वर करायला विसरतो.

दिल्यानंतर

मुदत घालू नका. आठवड्याने फोन करून "रडलीस का?" असं तर कधीच विचारू नका. विचारायचंच तर "कुठवर आलात?" एवढंच. उत्तरात नुसतं "चाललंय" आलं तर विषय बदला.

पुस्तक अर्धवट परत आलं तर हसतमुखाने घ्या. वहीत लिहा, कुणी, कुठल्या पानावर सोडलं. सोडणाऱ्याचं चुकलं नाही आणि पुस्तकाचंही नाही. वेळ जुळली नाही. कधी कधी तोच माणूस तीन वर्षांनी तेच पुस्तक मागायला येतो.

वाचून झाल्यावर काही जण खूप बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. न बोलणाऱ्यांना बोलतं करायचा खटाटोप करू नये. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तात्यांना मी 'बनगरवाडी' दिली होती. आटपाडीकडचे, चाळीस वर्षं सांगलीत नोकरी केलेले. महिना झाला, दोन झाले. भाजी आणताना दिसायचे, हात करायचे, पुस्तकाचं नाव नाही. मीही काढलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते पुस्तक घेऊन आले. कव्हर बदललेलं, आतून नवीन खाकी कागद लावलेला. पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ह्याची दुसरी प्रत मिळंल का? धाकटा भाऊ गावाकडंच असतोय. त्याला द्यावी म्हणतो."

मी विचारलं, "तात्या, भाऊ कसे आहेत सध्या?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.